लॉजिकच्या मास्टर्सला नेमकं काय लागतं

गेल्या महिन्यात एका मुलीचा मेसेज आला, आमच्याच तालुक्यातली, बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, तत्त्वज्ञान विषय. "ताई, तुम्ही ॲमस्टरडॅमला लॉजिकमध्ये मास्टर्स केलं ना, मी आर्ट्सची आहे, माझं होईल का? गणित दहावीनंतर सुटलंय." मी तिला दोन ओळीत उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहावं, कारण हा प्रश्न मला आधीही बऱ्याच जणांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी मी तुटक तुटक काहीतरी सांगून सोडून दिलंय.

आधी हे मास्टर्स म्हणजे काय ते सांगते, कारण घरी-दारी सगळ्यांना वाटतं की लॉजिक म्हणजे रीझनिंग, स्पर्धा परीक्षेला असतं ते. तसं नाहीये. ॲमस्टरडॅम विद्यापीठात आयएलएलसी नावाची संस्था आहे, इन्स्टिट्यूट फॉर लॉजिक, लँग्वेज अँड कम्प्युटेशन, तिच्याकडून हा मास्टर ऑफ लॉजिक चालवला जातो. दोन वर्षं, १२० क्रेडिट्स, त्यातले ३० थिसिसचे, सगळं इंग्रजीतून. गणित, तत्त्वज्ञान, कम्प्युटर सायन्स, भाषाशास्त्र, चारही बाजूंनी मुलं येतात आणि एकाच वर्गात बसतात. माझ्या एका बाजूला गणितातली टोपॉलॉजी कोळून प्यायलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला भाषाशास्त्रातून आलेली मुलगी, आणि मध्ये मी, जिने अकरावी-बारावी आर्ट्सला मराठी माध्यमातून तर्कशास्त्र घेतलं होतं.

आता ॲडमिशनच्या अटी. कागदावर बघितलं तर त्या फार लांबलचक नाहीत. संबंधित विषयातली बॅचलर डिग्री, आणि त्याच्या जोडीला लॉजिकचं किंवा एकूणच फॉर्मल पद्धतींचं ज्ञान तुमच्याकडे आहे हे दाखवणारं काहीतरी. मग मार्कशीट, मोटिव्हेशन लेटर, शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा वगैरे. तारखा आणि इंग्रजीचे स्कोअर दर वर्षी त्यांच्या साइटवरच बघायचे, कुणाच्या जुन्या पोस्टवरून घ्यायचे नाहीत, माझ्याही नाही. बहुतेक सगळे अडकतात ते त्या "फॉर्मल ज्ञान" वाल्या वाक्यावर, म्हणून तेच जरा नीट उलगडून सांगते.

आपल्याकडे बारावीला तर्कशास्त्र ज्यांनी घेतलंय त्यांना छोटं सत्यता कोष्टक आठवत असेल, ज्याला वर्गात सगळे शॉर्टर ट्रुथ टेबल म्हणायचे. युक्तिवाद वैध आहे का बघायचं, तर निष्कर्ष असत्य आणि आधारविधानं सत्य असं धरून चालायचं आणि मागे मागे जात बघायचं कुठे विसंगती येते का. आली तर युक्तिवाद वैध. मला ते प्रचंड आवडायचं, आमच्या मॅडम फळ्यावर गणित घालायच्या आणि मी वहीत आधीच संपवलेलं असायचं. मग पुढे नैगमनिक सिद्धता, नियमांची यादी पाठ, एकेक ओळ लिहायची आणि बाजूला कुठल्या ओळीवरून कुठल्या नियमाने आलं ते लिहायचं. बीए एमएला पण तेच जरा मोठ्या प्रमाणात. मला वाटायचं की मला लॉजिक येतं. आणि ते खोटं नव्हतं, पण हे मास्टर्सवाले ज्याला लॉजिक म्हणतात ते याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतं.

फरक असा आहे. आपण शाळेत-कॉलेजात पद्धतीच्या आत राहून सिद्ध करतो, हे नियम घे, ही विधानं घे, तिथे पोच. पण पद्धतीबद्दल सिद्ध करणं ही वेगळी गोष्ट आहे. म्हणजे असं विचारायचं की हे माझं कोष्टक नेहमी बरोबरच उत्तर देतं कशावरून? जे जे वैध आहे ते सगळं या नियमांनी सिद्ध करता येतंच कशावरून? एखादा वैध युक्तिवाद निसटत नसेल कशावरून? हा दुसरा प्रश्न म्हणजे कम्प्लीटनेस, पूर्णता, आणि फर्स्ट-ऑर्डर विधेय तर्कशास्त्रासाठी, म्हणजे ज्यात "सगळे" आणि "काही" असे शब्द येतात त्यासाठी, तो तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गडेलने १९२९ मध्ये आपल्या पीएचडीच्या प्रबंधात सोडवला. १९३१ चं त्याचं अपूर्णतेचं प्रमेय सगळ्यांनी ऐकलेलं असतं, हे आधीचं पूर्णतेचं फार कमी लोकांनी. ॲडमिशनला बसलेली माणसं तुमच्या कागदांत हेच शोधत असतात की पद्धतीबद्दल सिद्ध करण्याशी तुमची गाठ पडलीये का.

एक छोटं उदाहरण देते, कारण नुसतं बोलून हे कळत नाही आणि मला स्वतःला असंच एका गणितावर कळलं होतं. समजा तुमच्याकडे फक्त दोन जोडणारे शब्द आहेत, "आणि" आणि "वा". नकार नाही, जर-तर नाही. प्रश्न असा की फक्त या दोघांच्या मदतीने, हवं तेवढं लांब सूत्र लिहून, "नाही" हे बनवता येईल का? म्हणजे p सत्य असेल तेव्हा असत्य आणि p असत्य असेल तेव्हा सत्य असं काहीतरी? तुम्ही चार-पाच सूत्रं करून बघाल, जमणार नाही, मग म्हणाल जमत नाही. पण सूत्रं तर अनंत आहेत, दहा हजाराव्या सूत्राला जमत असेल तर?

तर सिद्धता अशी. सगळी साधी विधानं सत्य धरा. आता मी म्हणते की मग "आणि" "वा" ने बनलेलं कुठलंही सूत्र सत्यच येणार. साधं विधान एकटंच असेल तर ते सत्य आहे, आपण धरलंच तसं. आणि दोन लहान सूत्रं आधीच सत्य येत असतील तर त्यांना "आणि" ने जोडलं तरी सत्य, "वा" ने जोडलं तरी सत्य. सूत्र बनवायचा तिसरा मार्गच नाही, म्हणून कितीही मोठं सूत्र घ्या, सत्यच. पण नकाराला तर p सत्य असताना असत्य यायला हवं. म्हणून ते बनूच शकत नाही. झालं. सहा-सात ओळींत अनंत सूत्रांबद्दल आपण खात्रीने बोललो. याला सूत्रांच्या रचनेवरचं इंडक्शन म्हणतात आणि या मास्टर्सच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे तुम्हाला श्वास घेतल्यासारखं यायला लागतं.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा एमए संपलं होतं. तोपर्यंत मला कुणी असा प्रश्नच विचारला नव्हता. मला आठवतंय, मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता आणि एसटीत परत काढून वाचला.

म्हणून आर्ट्स की सायन्स हा प्रश्न माझ्या मते चुकीच्या जागी विचारला जातो. गणितात एमएस्सी केलेल्या मुलांना अ‍ॅनालिसिस, अल्जिब्राच्या सिद्धता लिहायची सवय असते पण बऱ्याच जणांनी लॉजिकचा एकही पेपर घेतलेला नसतो, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गणिताच्या विभागात तो नसतोच. इंजिनीअरिंगवाल्यांना डिस्क्रीट मॅथ्समध्ये एक युनिट असतं, ट्रुथ टेबल आणि क्वांटिफायर, त्यावर त्यांना वाटतं झालं. तत्त्वज्ञानवाल्यांकडे प्रश्न खूप असतात, लिहायची सवय कमी. प्रत्येकाची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती कुठे आहे हे अर्ज करायच्या निदान वर्षभर आधी कळलं पाहिजे.

मला ते उशिरा कळलं. पहिल्या वर्षी मी युरोपातल्याच एका विद्यापीठात असाच अर्ज केला होता आणि तिथून नकार आला, दोन ओळींचा, की फॉर्मल पार्श्वभूमी पुरेशी दिसत नाही. खूप रडले होते. बाबा त्या दिवसांत बेदाण्याच्या शेडवर असायचे, त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की काय कमी पडलं ते त्यांनी सांगितलंय का? सांगितलंय म्हटलं. मग ते भरून काढता येतं का बघ म्हणाले. नंतर शांतपणे माझाच अर्ज परत वाचला तर माझ्या मार्कशीटवर "पेपर ३" असं लिहिलेलं होतं, त्यात काय शिकवलं याचा कुठे पत्ताच नाही. समोरच्याला कसं कळणार?

तर हे लक्षात ठेवा, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगते. तुमच्या प्रत्येक संबंधित पेपरचं एक पान करा. विषयाचं नाव, किती तास, कुठले टॉपिक, कुठलं पुस्तक कुठल्या प्रकरणापर्यंत, आणि परीक्षेत सिद्धता लिहायच्या होत्या की नुसती गणितं. "लॉजिक" एवढा एक शब्द लिहून काही कळत नाही, पण "विधेय तर्कशास्त्र, कम्प्लीटनेसची सिद्धता केली, कॉम्पॅक्टनेस वापरून गणितं केली" असं लिहिलं की वाचणाऱ्याला एका ओळीत सगळं समजतं. जुने सिलॅबस जपून ठेवा, विभागात जाऊन सही-शिक्का घ्यायचा असेल तर आधीपासून मागे लागा, डेडलाइनच्या आठवड्यात हे होत नाही.

मधलं एक वर्ष मी काय केलं ते सांगते. शेजारच्या गणित विभागात जाऊन एका सरांना विनंती केली की बीएस्सीच्या अल्जिब्राच्या तासाला बसू द्या, त्यांनी बसू दिलं, आणि वर ट्युटोरियलची उत्तरं तपासूनही दिली. ग्रुप, रिंग हे सगळं मला नवीन होतं, पण तिथे मी व्याख्येवरून सिद्धता लिहायला शिकले. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, लॉजिकचे कोर्स आहेत ते केले. आणि मग आयएसएलएला गेले, इंडियन स्कूल ऑन लॉजिक अँड इट्स ॲप्लिकेशन्स. ही असोसिएशन फॉर लॉजिक इन इंडियाशी जोडलेली शाळा आहे, पहिली २००६ ला आयआयटी बॉम्बेत झाली होती आणि पुढे कानपूर, हैदराबाद अशी वेगवेगळ्या ठिकाणी भरत गेली. आपल्याच देशात, आपल्या खर्चाच्या आवाक्यात, दिवसभर लॉजिक आणि संध्याकाळी चहावर पण लॉजिक. तत्त्वज्ञानाच्या मुलांनी तर हे सोडूच नये. तिथे मला पहिल्यांदा असे लोक भेटले ज्यांना न्यायशास्त्रही, म्हणजे आपलं जुनं भारतीय तर्कशास्त्रही माहीत होतं आणि मोडल लॉजिकही, म्हणजे "शक्य" आणि "अटळ" यांचं लॉजिक. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये लॉजिकचं चांगलं काम झालंय, कोलकात्याचं कॅलकटा लॉजिक सर्कल जुनं आहे, हे सगळं मला तिथे गेल्यावर कळलं. युरोपात दर उन्हाळ्यात ईएसएसएलएलआय ही लॉजिक आणि भाषेची उन्हाळी शाळा भरते, १९८९ पासून, दोन आठवडे, पण तिकीट-व्हिसा बघता पहिल्या पायरीला आपली इथलीच बरी.

शिफारसपत्रांबद्दल पण हेच. विभागप्रमुखांचं पत्र घ्यावं असं सगळे सांगतात, पद मोठं म्हणून. माझं मत उलटं आहे. ज्यांनी तुमच्या हातची सिद्धता वाचलीये त्यांचं पत्र घ्या, मग ते असिस्टंट प्रोफेसर का असेनात. माझं एक पत्र त्या अल्जिब्राच्या सरांचं होतं, त्यांनी त्यांच्या विषयात मला एकही मार्क दिला नव्हता कारण मी त्यांची विद्यार्थिनीच नव्हते, पण वर्षभर काय लिहिलं ते त्यांनी बघितलं होतं.

मोटिव्हेशन लेटर. माझं पहिलं लेटर सुरू व्हायचं लहानपणी कोडी सोडवायची आवड होती इथून, मग भारताची थोर तार्किक परंपरा, मग जगप्रसिद्ध विद्यापीठ. दुसऱ्या वेळी मी एकच प्रश्न घेतला. बारावीचं छोटं कोष्टक आणि एव्हर्ट विलेम बेथची टॅब्लोची पद्धत. बेथ हा ॲमस्टरडॅमचाच तर्कशास्त्रज्ञ, १९५५ मध्ये त्याने ही पद्धत मांडली, आणि मूळ कल्पना तीच आहे, निष्कर्ष असत्य धरा आणि फांद्या काढत जा, प्रत्येक फांदीवर विसंगती आली तर युक्तिवाद वैध. पण एखादी फांदी विसंगतीशिवाय उरली तर तीच तुम्हाला प्रतिउदाहरण हातात देते, आणि हे नेहमीच होतं याची सिद्धता देता येते. मराठी माध्यमातल्या बारावीच्या वहीतली गोष्ट आणि ही गोष्ट इतकी जवळ आहे हे मला कळलं तेव्हा झालेला आनंद मी त्या पत्रात लिहिला आणि मला पुढे काय शिकायचंय ते लिहिलं. भारतीय तर्कशास्त्राबद्दलही लिहा ना, पर्वतावर धूर म्हणून अग्नी, जरूर लिहा, पण मग व्याप्ती, म्हणजे जिथे धूर तिथे अग्नी हे कायमचं नातं, फॉर्मल भाषेत कशी मांडाल, तिथे नेमकी अडचण कुठे येते, एवढं तरी स्वतः करून बघा आणि मग लिहा. नुसता अभिमान लिहून वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काही कळत नाही. बेथचाच एक विद्यार्थी होता, फ्रिट्स स्टाल, ॲमस्टरडॅमला गणित-तत्त्वज्ञान शिकून १९५० च्या दशकात मद्रासला आला, संस्कृत शिकला, पाणिनी आणि भारतीय तर्क यांच्याकडे त्याने फॉर्मल लॉजिकच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालत आलेला आहे.

डिग्रीच्या वर्षांचं एक लचांड आहे. तिकडे बॅचलर तीन वर्षांचीच असते तरी आपली तीन वर्षांची बीए/बीएस्सी ते त्याच्या बरोबरीची धरतीलच असं नाही. माझं एमए झालेलं होतं म्हणून मला ती अडचण आली नाही. आता चार वर्षांची ऑनर्स डिग्री सुरू झालीये तर जमत असेल तर चौथं वर्ष करा, आणि तीन वर्षांवर अर्ज करायचा असेल तर आधी ॲडमिशन ऑफिसला साधा ईमेल करून विचारा, उत्तर देतात.

फीबद्दल थोडक्यात, युरोपियन विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट फी आपल्याला असते, त्यामुळे स्कॉलरशिपचा अर्ज आणि ॲडमिशनचा अर्ज एकाच वेळी डोक्यात ठेवा. आणि एकाच ठिकाणी अडकू नका. म्युनिकला एलएमयूमध्ये लॉजिक अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स आहे, तत्त्वज्ञानवाल्यांना जास्त जवळचं. व्हिएन्नाच्या टीयूमध्ये, म्हणजे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात, लॉजिकचं आहे, ते कम्प्युटर सायन्सकडे झुकतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे, बार्सिलोनाला प्युअर अँड अप्लाइड लॉजिक आहे, पॅरिसचं गणिताकडे खूपच कललेलं. अमेरिकेत कार्नेगी मेलनला लॉजिक, कम्प्युटेशन अँड मेथडॉलॉजी. प्रत्येकाच्या अटींत त्या त्या विभागाचा स्वभाव दिसतो, तो वाचायला शिका.

तिथे गेल्यावरचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीच्याच दिवसांत कुणीतरी फळ्यावर ती प्रसिद्ध सिद्धता केली, की दोन अपरिमेय संख्या अशा आहेत ज्यात एकीचा दुसरीएवढा घात परिमेय येतो. वर्गमूळ दोनचा वर्गमूळ दोन एवढा घात घ्या. तो परिमेय असेल तर काम झालं. नसेल तर त्याच संख्येचा परत वर्गमूळ दोन एवढा घात घ्या, उत्तर २ येतं, काम झालं. मी खूश, किती सुंदर. तर मागून एकीने विचारलं, पण मग कुठली जोडी ते सांगितलंच नाही ना? आणि वर्गात अर्धा तास वाद, नुसतं "परिमेय असेल किंवा नसेल" एवढ्यावर सिद्धता उभी करायची का यावर. ज्या शहरात ब्राउवर या गणितज्ञाने १९०७ मध्ये आपला प्रबंध लिहिला आणि पुढच्याच वर्षी "एकतर हे किंवा याचा नकार" हा नियम आंधळेपणाने वापरायचा नाही असं म्हटलं, ज्या शहरात हेटिंग त्याच्याकडे शिकला आणि पुढे त्या विचाराला त्याने नियमांचं रूप दिलं, तिथे बसून मी तो वाद ऐकत होते. बारावीला हाच नियम, मध्यमनिरासाचा, मी एका मार्कासाठी पाठ केला होता. तो नाकारता येतो, आणि नाकारूनही गणित उभं राहतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

वेळापत्रक दमवणारं असतं हे मात्र खरं. दर आठवड्याला होमवर्क, आठ आठवड्यांचे दोन ब्लॉक आणि मग जानेवारीत प्रोजेक्ट. गणिताच्या कोर्सना मी पहिल्या सेमिस्टरला खूप मागे होते, मेंटॉरशी बोलून सेट थिअरी पुढे ढकलली आणि आधी मोडल लॉजिक घेतलं. हे करता येतं, मेंटॉर त्यासाठीच असतो.

त्या मुलीला मी हे सगळं पाठवलं नाही. तिला फक्त ते "आणि-वा" चं गणित पाठवलं, उत्तर न सांगता, आणि म्हटलं आठवडाभर घे. तिने चौथ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आधी सात-आठ कोष्टकं काढलेली, मग ती खोडलेली, आणि खाली मराठीतच, "सगळी विधानं सत्य धरली तर काहीही जोडलं तरी सत्यच येतं, म्हणून नकार येणार नाही." पायऱ्या नीट मांडलेल्या नव्हत्या, त्या कशा मांडायच्या ते मी लिहून पाठवलं. रात्री अकराला परत मेसेज, "ताई, जर-तर पण घेतलं तरी चालतंय की. सत्य जर तर सत्य पण सत्यच येतं. म्हणजे तिघं मिळून पण नकार बनवू शकत नाहीत." हे मी तिला विचारलंच नव्हतं.